गुब्बी वीरण्णा : विनोदी नट आणि रंगावकाशाचा शिल्पकार

१

भारतीय भाषांतील नाट्यवाङ्मयाचे इतिहास बहुतांशी छापील संहितांच्या आधारे सिद्ध झाले आहेत. जी नाटके ग्रंथरूपाने टिकली त्यांची चर्चा झाली. जी केवळ प्रयोगात जगली ती एखाद्या परिच्छेदात आटोपली गेली. कन्नड नाट्येतिहासात या पद्धतीमुळे सर्वाधिक अन्याय कोणावर झाला असेल, तर तो गुब्बी वीरण्णा यांच्यावर. त्यांचे नाव कर्नाटकात घरोघर ठाऊक आहे. रंगभूमीवरील कार्यासाठी राज्यशासन देत असलेला एक पुरस्कार त्यांच्या नावाने ओळखला जातो. बंगळूरच्या मॅजेस्टिक परिसरात त्यांच्या नावाचे रंगमंदिर आहे. परंतु त्यांची ख्याती नाटककार म्हणून नाही. त्यामुळे वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना जागा मिळते ती नाटककारांचे आश्रयदाते म्हणून, आणि रंगभूमीच्या इतिहासात ती एक लोकप्रिय विनोदी नट व यशस्वी कंपनीमालक म्हणून. त्यांच्या प्रयोगांतील हत्ती-घोड्यांचा उल्लेख बहुधा कौतुकाने किंवा किंचित उपहासाने होतो आणि विषय तेथेच संपतो.

वीरण्णांनी जे निर्माण केले ते संहितेत शोधून सापडणारे नाही. रंगमंच, प्रेक्षागृह, प्रकाश, रंगवलेले पडदे, जिवंत प्राणी आणि माणसांचा मेळा यांची अशी मांडणी ते करीत की, प्रेक्षक दृश्य पाहता पाहता त्या दृश्याच्या आत ओढला जाई. दृश्यकलेच्या क्षेत्रात ज्याला आज मांडणशिल्प म्हणतात आणि प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढून टाकणे हे ज्याच्या एका महत्त्वाच्या शाखेचे लक्षण मानले जाते, त्या कलेचा विचार करताना या मांडणीकडे नव्याने पाहण्याची गरज आहे. वीरण्णांचा विनोदी अभिनय आणि त्यांचे भव्य नेपथ्य ही दोन वेगळी कर्तृत्वे मानली जातात. प्रत्यक्षात ती एकाच रंगव्यवस्थेची दोन अंगे होती, आणि त्या व्यवस्थेची खूण कंपनी नाटकांच्या संहितेतही उमटलेली आहे. वीरण्णांच्या चरित्राचा धागा धरून गेल्यास हे स्पष्ट होते.

२

वीरण्णांचा जन्म १८९१ मध्ये, तत्कालीन म्हैसूर संस्थानातील तुमकूर जिल्ह्यात, गुब्बीच्या परिसरात झाला. गुब्बी हे तसे लहानसे गाव; पण तेथील चन्नबसवेश्वराचे देवस्थान प्रसिद्ध आणि त्याच्या आश्रयाने नांदणारी जत्रा, भजन, बयलाट यांची परंपरा जुनी. याच गावी १८८४ मध्ये चंदण्णा, अब्दुल अझीझ साहेब आणि त्यांचे स्नेही यांनी एक नाटकमंडळी उभी केली व तिला ग्रामदैवताचे नाव दिले. श्री चन्नबसवेश्वर कृपापोषित नाटक मंडळी या लांबलचक नावाची ही संस्था पुढे नुसती गुब्बी कंपनी म्हणूनच ओळखली जाऊ लागली. देवस्थानाच्या छायेत जन्मलेल्या या मंडळीच्या संस्थापकांत एक मुसलमान गृहस्थ होते, ही गोष्ट त्या काळाच्या ग्रामीण कलाजीवनाविषयी बरेच काही सांगून जाते.

या मंडळीच्या स्थापनेमागील काळ मराठी वाचकाला अपरिचित नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ त्यांच्यासमोर आदर्श म्हणून होते. म्हणजे आधुनिक मराठी नाटकाच्या उगमाशी कन्नड बयलाटाचा एक झरा आहे. पुढे उलट दिशेने प्रवाह वाहू लागला. मराठी मंडळ्या हुबळी, धारवाड, गदग, बेळगाव या भागांत फिरू लागल्या आणि त्यांच्या संगीताचे व थाटाचे आकर्षण इतके वाढले की, शांतकवी ऊर्फ सक्करी बाळाचार्य यांना गदगमध्ये कन्नड नाटकमंडळी काढण्याची निकड भासली. 'शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. केशवराव भोसले यांची ललितकलादर्श मंडळी १९०८ मध्ये हुबळीतच स्थापन झाली. दक्षिणेकडे म्हैसुरात राजवाड्याच्या आश्रयाने वेगळी परंपरा आकारास येत होती; बसवप्प शास्त्री यांचे कन्नड 'शाकुंतल' याच दरबारी वातावरणातले. या दोहोंच्या जोडीला मुंबईहून येणाऱ्या पारशी कंपन्यांनी रंगवलेले पडदे, यांत्रिक चमत्कार आणि झटपट बदलणारी दृश्ये यांची ओळख संस्थानाला करून दिली होती. गुब्बी कंपनी या तिन्ही प्रवाहांच्या संगमावर उभी राहिली. तिचा पाया मात्र ग्रामीण होता आणि शेवटपर्यंत ग्रामीणच राहिला.

३

वीरण्णा कंपनीत आले ते अवघ्या सहासात वर्षांचे असताना. शाळेचे शिक्षण म्हणावे तसे झाले नाही. जे शिक्षण झाले ते विंगेत, तालमीत आणि प्रवासात. बालभूमिका, स्त्रीभूमिका, किरकोळ पात्रे, संगीत, वाद्ये, पडदे ओढणे, सामान बांधणे ही सारी कामे अंगावर पडत गेली. फिरत्या कंपनीत वाढलेल्या मुलाला नाटक हे प्रथम एक जागा म्हणून कळते, साहित्य म्हणून नंतर. गावाबाहेरचे मोकळे मैदान, त्यावर चार दिवसांत उभा राहणारा मांडव, पत्रे आणि तट्टे यांच्या भिंती, मातीचा ओटा, त्यावर टाकलेल्या फळ्या, आणि मुक्काम हलला की पुन्हा ते रिकामे मैदान. एका रिकाम्या जागेचे राजसभेत, अरण्यात, रणभूमीत रूपांतर करण्याचे हे शिक्षण वीरण्णांनी कोवळ्या वयात घेतले, आणि पुढील साऱ्या कर्तृत्वाची बीजे त्यातच होती.

१९१७ च्या सुमारास कंपनीची मालकी त्यांच्याकडे आली. त्या वेळी ते पंचविशीत होते. मालक झाल्यावर त्यांनी लेखक, गायक, चित्रकार आणि कारागीर यांचा एक कायमचा परिवार जमवला. बेळ्ळावे नरहरी शास्त्री यांनी कंपनीसाठी पौराणिक आणि अद्भुतरम्य नाटके लिहिली, पुढे बी. पुट्टस्वामय्य यांच्यासारखा अधिक आधुनिक दृष्टीचा लेखक कंपनीशी जोडला गेला. १९२० च्या दशकात वीरण्णांनी स्त्रीभूमिकांसाठी स्त्रियांना रंगमंचावर आणले. बालगंधर्वांच्या स्त्रीरूपाची मोहिनी महाराष्ट्रावर कायम होती आणि हिराबाई बडोदेकरांचे पाऊल त्या दशकाच्या अखेरीस रंगभूमीवर पडले, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयातील धाडस कळते. नटींपैकी बी. जयम्मा या पुढे वीरण्णांच्या पत्नी झाल्या आणि कन्नड रंगभूमी व चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत त्यांनी स्वतंत्र कीर्ती मिळवली.

नट म्हणून वीरण्णांची ख्याती विनोदी भूमिकांची. म्हैसूरच्या दरबाराने त्यांच्या विनोदी अभिनयाचा पदवी देऊन गौरव केला, तो याच कारणाने. नरहरी शास्त्री यांच्या 'सदारमे' या नाटकातील चोराची भूमिका त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. सदारमेची कथा अद्भुतरम्य आहे. नायिकेचा वियोग, अपहरण, पुरुषवेषातील तिची भ्रमंती आणि अखेरचे मीलन असा तिचा विस्तार. त्यात हा चोर कथेच्या दृष्टीने दुय्यम. तरीही प्रेक्षक नाटकाला येत ते त्याच्यासाठी. नाटकाचा नायक राजपुत्र आणि कंपनीचा मालक चोर, ही व्यवस्था गमतीची वाटली तरी तिला एक पक्के रंगतांत्रिक कारण होते.

४

हे कारण समजण्यासाठी कंपनी नाटकाच्या रंगमंचाची रचना ध्यानात घ्यावी लागते. त्या रंगमंचाला दोन खोली असत. मागचा भाग खोल. तेथे दरबार, उद्यान, अरण्य, कैलास यांची भरगच्च दृश्ये मांडली जात. पुढचा भाग अरुंद. तेथे रस्त्याचा किंवा साध्या घराचा एक पडदा सोडून त्यापुढील चिंचोळ्या पट्टीत प्रवेश चाले. मागचे दृश्य बदलण्यास वेळ लागे. पाखे सरकवायचे, सिंहासने हलवायची, दोरखंड आवळायचे, दिव्यांची जागा बदलायची. तेवढा वेळ प्रेक्षकांना गुंतवून ठेवण्याचे काम रस्त्याच्या पडद्यापुढील प्रवेशाकडे असे, आणि हा प्रवेश बहुधा विनोदी पात्रांना दिलेला असे.

कंपनी नाटकांवरील टीकेत एक आक्षेप सातत्याने आढळतो : गंभीर कथानकात असंबद्ध विनोदी उपकथानके घुसडलेली असतात आणि त्यामुळे रसभंग होतो. छापील पान समोर ठेवून वाचले तर हा आक्षेप योग्यच वाटतो. पण हे प्रवेश पानावर जेथे येतात तेथे ते का येतात, हे रंगमंचाच्या नकाशावरून कळते. गंभीर आणि विनोदी प्रवेशांचे हे एकाआड एक येणे म्हणजे खोल आणि उथळ अवकाशांचे एकाआड एक येणे आहे. संहितेचा आकार येथे जागेच्या आकाराने ठरला आहे.

वीरण्णा या संधीवर उभे होते. पडद्याच्या पुढे, प्रेक्षकांपासून काही हातांवर, उपकरणे व सजावट यांवाचून केवळ चेहरा, आवाज आणि हजरजबाबीपणा यांच्या बळावर ते प्रेक्षागृह ताब्यात ठेवीत. त्याच वेळी पडद्याच्या मागे त्यांच्याच आज्ञेने पुढचे भव्य दृश्य उभे राहत असे. पुढील दृश्य सिद्ध होईपर्यंत नटाला प्रसंग लांबवावा लागे, ते आधी सिद्ध झाल्यास आवरता घ्यावा लागे. विनोदी नटाला लागणारे काळाचे भान आणि नेपथ्यकाराला लागणारे अवकाशाचे भान एकाच माणसाच्या ठायी असणे ही गुब्बी कंपनीच्या प्रयोगांची खरी शक्ती होती. त्यातच प्रेक्षकाच्या अनुभवाचे रहस्यही आहे. अत्यंत जवळच्या, घरगुती, हसऱ्या अवकाशातून तो एकाएकी अफाट दृश्यात फेकला जाई. भव्यता नुसती दाखवून भव्य वाटत नाही. तिच्या आधी अरुंद जागा अनुभवाला यावी लागते. देवळाचा अंधारा गाभारा आणि मोकळे प्रांगण यांच्या योजनेत हेच तत्त्व आहे.

या रंगयोजनेला बंगळूर शहराची मोठी साथ मिळाली. कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्र १९०२ मध्ये सुरू झाले ते कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. १९०५ मध्ये ती वीज बंगळूरला आली आणि शहराचे रस्ते विजेच्या दिव्यांनी उजळले. पेट्रोमॅक्स आणि कार्बाइडच्या दिव्यांवर चालणाऱ्या रंगभूमीला विजेने एक नवे साधन दिले. प्रकाश आता मंद वा प्रखर करता येऊ लागला, रंगवता येऊ लागला, क्षणात घालवता येऊ लागला. रंगवलेल्या पडद्यावरील खोली ही डोळ्यांची फसवणूक असते. त्या फसवणुकीला जिवंत करण्याचे काम प्रकाश करतो. शहरातील या सोयी आणि खेड्यातील मांडवाची परंपरा यांचा मेळ घालणारा मालक गुब्बी कंपनीला लाभला होता.

५

१९३४ हे वर्ष वीरण्णांच्या चरित्रात आणि बंगळूरच्या सांस्कृतिक इतिहासातही निर्णायक आहे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात पहिला कन्नड बोलपट 'सती सुलोचना' बंगळूरमध्ये प्रदर्शित झाला. त्याचे चित्रीकरण कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये झाले होते. संवाद बेळ्ळावे नरहरी शास्त्री यांचे होते आणि दिग्दर्शक होते वाय. व्ही. राव. नरहरी शास्त्री हे गुब्बी कंपनीचे नाटककार, आणि राव यांनी दोनच वर्षांपूर्वी वीरण्णांच्या 'हरिमाया' या मूकपटाचे दिग्दर्शन केले होते. नवे माध्यम जुन्या कंपनीच्या अंगणातूनच माणसे घेऊन उभे राहत होते. नाटकाहून स्वस्त तिकिटात, दररोज अनेक वेळा, पौराणिक कथा आता बोलत व गात पडद्यावर येऊ लागली.

त्याच वर्षी वीरण्णांनी बंगळूरमध्ये 'कुरुक्षेत्र' हे नाटक रंगभूमीवर आणले. पुट्टस्वामय्य यांच्या या नाटकात महाभारताच्या युद्धाचे दृश्य दाखवताना त्यांनी जिवंत हत्ती, घोडे आणि रथ रंगमंचावर उतरवले. या प्रयोगाची कीर्ती संस्थानाच्या सीमा ओलांडून गेली. पुष्कळांनी त्याकडे धंद्याची युक्ती म्हणून पाहिले, आणि त्यात धंदा होताच. परंतु त्या वर्षाच्या संदर्भात हा प्रयोग ठेवला म्हणजे त्याचा दुसरा अर्थ दिसू लागतो. चित्रपट हत्तीची प्रतिमा दाखवू शकत होता. हत्ती आणू शकत नव्हता. हत्ती आला की त्याबरोबर त्याचा वास येतो, फळ्यांचा कुरकुराट होतो, पायाखालची जमीन किंचित हादरते, आणि हा प्राणी बिथरला तर काय, ही भीती पहिल्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत पसरते. त्या भीतीपोटी प्रेक्षकाला आपले शरीर आठवते. आपण या जागेत आहोत आणि ते जनावरही याच जागेत आहे, ही जाणीव त्याला कथेच्या आत खेचते. बोलपटाशी स्पर्धा करताना वीरण्णांनी रंगभूमीचा असा गुण पुढे आणला की जो चित्रपटाला कधीच हस्तगत होणार नव्हता : एकाच जागेत, एकाच वेळी असणे.

याच सुमारास मराठी रंगभूमीने दिलेले उत्तर तुलनेसाठी उपयुक्त आहे. ललितकलादर्शने मामा वरेरकरांच्या 'सत्तेचे गुलाम' (१९२२) च्या काळापासून पु. श्री. काळे यांच्या नेपथ्याच्या साहाय्याने पडद्यांऐवजी तीन भिंतींची वास्तव खोली उभारण्याकडे वाटचाल केली होती. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले आणि मध्यमवर्गीय दिवाणखाना, संयत अभिनय, कमी पदे हा नवा आदर्श निर्माण केला. कर्नाटकातही टी. पी. कैलासम् यांच्या 'टोळ्ळुगट्टी' (१९१८) पासून हौशी रंगभूमी त्याच दिवाणखान्यात शिरली होती. समीक्षकांची सहानुभूती या दिशेला मिळाली, आणि ते स्वाभाविक होते, कारण या नाटकांची संहिता वाचण्याजोगी होती. परंतु दिवाणखान्याच्या नाटकात प्रेक्षक हा चौथ्या भिंतीतून डोकावणारा परका होतो. वीरण्णांच्या नाटकात तो जत्रेतला सहभागी राहतो. बयलाट पाहणारा खेडूत ज्या हक्काने रात्रभर त्या देवदैत्यांच्या शेजारी बसतो, तो हक्क 'कुरुक्षेत्रा'ने शहरातील प्रेक्षकालाही दिला.

या यशाची किंमतही नोंदवली पाहिजे. भव्य दृश्याची सवय लागलेला प्रेक्षक प्रत्येक वेळी अधिक मागतो. खर्च वाढतो, मुक्काम हलवणे अवघड होते, आणि शब्द मागे पडतो. हत्ती रंगमंचावर असताना युधिष्ठिराच्या मनातील द्वंद्वाकडे कोण लक्ष देणार, हा प्रश्न त्या काळीही रास्त होता. महाभारतातील युद्धाचा शेवट विषादात होतो. रंगमंचावरील हत्तींच्या युद्धाचा शेवट टाळ्यांत होतो. वीरण्णांच्या कलेतील ही मर्यादा खरी आहे, आणि प्रेक्षकाला वेढून टाकणाऱ्या प्रत्येक कलेला ती भेडसावते. इंद्रियांना इतके व्यापून टाकल्यावर विचाराला जागा कोठे उरते? वीरण्णांपुरते या प्रश्नाचे उत्तर पुन्हा विनोदी प्रवेशात आहे. पडद्यापुढील तो चोर, तो सेवक, तो भोळा खेडूत आताच पाहिलेल्या वैभवाची थट्टा करतो, राजाच्या रुबाबाला खाली खेचतो, आणि भारावलेल्या प्रेक्षकाला क्षणभर शुद्धीवर आणतो.

६

चित्रपटाशी वीरण्णांचे नाते स्पर्धेपुरते कधीच नव्हते. मूकपटाच्या अखेरच्या पर्वात 'हिज लव्ह अफेअर' आणि 'हरिमाया' यांसारख्या निर्मितींत त्यांनी पैसा घातला. बोलपटाच्या काळात 'सुभद्रा' (१९४१), 'जीवन नाटक' (१९४२) आदी चित्रपट त्यांच्या पुढाकाराने झाले. 'जीवन नाटक'मध्ये प्रभातच्या 'माणूस'मुळे महाराष्ट्राला सुपरिचित असलेल्या शांता हुबळीकर होत्या. कन्नड मातृभाषेची ही नटी मराठी चित्रपटातून कन्नड चित्रपटात परत गेली, हा दोन भाषांमधील देवाणघेवाणीचा आणखी एक पुरावा. १९५४ मध्ये आलेला 'बेडर कण्णप्पा' हा चित्रपट गुब्बी कंपनीच्या नाट्यपरंपरेतूनच आला आणि त्यात नायक म्हणून उभा राहिलेला तरुण नट राजकुमार पुढे अर्धशतक कन्नड चित्रपटाचा अनभिषिक्त सम्राट झाला. राजकुमार व त्यांचे वडील दोघेही गुब्बी कंपनीत होते. जी. व्ही. अय्यर, नरसिंहराजू, बाळकृष्ण असे कितीतरी कलावंत याच कंपनीत घडले.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार वीरण्णांना १९५५ मध्ये मिळाला आणि १९७२ मध्ये पद्मश्री. त्यांचे आत्मचरित्र 'कलेये कायक' या नावाने प्रसिद्ध आहे. कायक हा बसवेश्वरादी शरणांच्या वचनवाङ्मयातील शब्द : श्रमालाच पूजा मानणारी दृष्टी. कलेला कायक म्हणताना वीरण्णांनी तिला प्रतिभेच्या दैवी प्रदेशातून उचलून सुताराच्या, लोहाराच्या, चांभाराच्या ओळीत बसवले. ज्याची कला दोर, फळ्या, रंग, तारा आणि जनावरे यांच्या हाताळणीतून उभी राहिली त्याला हा शब्द सुचावा, हे उचितच होते. १९७२ मध्येच त्यांचे निधन झाले.

७

युरोप-अमेरिकेच्या कलेतिहासात प्रेक्षकाला आत घेणाऱ्या कलाकृतींची वंशावळ सांगताना माक्स राइनहार्ट यांनी १९११ मध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहाचे रूपांतर कॅथीड्रलमध्ये करून केलेला 'द मिरॅकल'चा प्रयोग, कुर्ट श्विटर्स यांनी हानोव्हरच्या आपल्या घरात वर्षानुवर्षे उभारलेले आणि १९४३ च्या बाँबहल्ल्यात नष्ट झालेले मर्त्सबाऊ, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस ॲलन कॅप्रो यांनी केलेल्या परिसररचना यांचा उल्लेख होतो. भारतात हा कलाप्रकार १९९० च्या दशकात दृढ झाला असे मानले जाते. विवान सुंदरम् यांनी मुंबईतील दंगलींच्या पार्श्वभूमीवर १९९३ मध्ये 'मेमोरियल' ही मांडणी केली आणि १९९८ मध्ये कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलच्या दरबार दालनात बंगालच्या इतिहासावरील भव्य रचना उभी केली. नलिनी मलानी यांनी १९९३ मध्ये अलकनंदा समर्थ यांच्यासह मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात मीडियाच्या कथेवरील नाट्यमांडणी सादर केली. ही भारतीय मांडणशिल्पे पाश्चात्त्य प्रभावातून आली असे म्हणणे सोपे आहे. परंतु चित्रकार नटीला सोबत घेतो, इतिहास दालनात उभा करतो, प्रेक्षकाला त्यातून चालवतो, तेव्हा तो ज्या प्रेक्षकाला गृहीत धरतो तो प्रेक्षक आधीच घडलेला आहे. त्याच्या आजोबांनी जत्रेतला देखावा, गणेशोत्सवातील हलते देखावे आणि कंपनीचे नाटक पाहिलेले आहे.

यातील भेदही दृष्टीआड करता येत नाही. मांडणशिल्पाचा प्रेक्षक हिंडता असतो, एकटा असतो आणि आपल्या गतीने पाहतो. कंपनी नाटकाचा प्रेक्षक बसलेला असतो, समूहात असतो आणि काळ त्याच्या हाती नसतो. मांडणशिल्प कथेला बगल देऊ शकते, गुब्बी कंपनीला ती सोय नव्हती. म्हणून वीरण्णांना मांडणशिल्पाचे जनक म्हणणे हा अतिरेक ठरेल. मात्र दोहोंची सामग्री एकच आहे : अवकाश, आणि त्या अवकाशात असलेले प्रेक्षकाचे शरीर.

बंगळूरमध्ये हे नाते अधिक ठळक दिसते. या शहरातील पुष्पमाला एन्. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्या सहकार्याने २००० ते २००४ या काळात दक्षिण भारतीय स्त्रीप्रतिमांची जी छायाचित्रमालिका केली, तीत रंगवलेले पडदे, वेषभूषा आणि मांडलेली दृश्ये यांचा हेतुपूर्वक वापर आहे. कंपनी नाटकाचा पडदा, जुन्या छायाचित्रशाळेचा पडदा आणि चित्रपटाचा देखावा ही एकाच कारागिरीची भावंडे. त्यांचा खोटेपणा झाकण्याऐवजी उघडा करून पुष्पमाला यांनी त्यांतून स्त्रीप्रतिमेची चिकित्सा केली. ज्या पडद्याने एकेकाळी प्रेक्षकाला भुलवले त्याच पडद्याकडे आता प्रेक्षक डोळे उघडे ठेवून पाहतो.

रंगभूमीवरील वारसा बी. व्ही. कारंत यांच्या हाती गेला. कारंत लहानपणी घर सोडून गुब्बी कंपनीत आले. पुढे वीरण्णांनीच त्यांना शिक्षणासाठी बनारसला पाठवले; तेथे त्यांनी हिंदीचे उच्च शिक्षण घेतले आणि ओंकारनाथ ठाकुरांकडे संगीताचा अभ्यास केला. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या मालकाने कंपनीतल्या मुलाला विद्यापीठात धाडावे, ही त्यांच्या चरित्रातील मोठी गोष्ट आहे. १९७२ च्या सुमारास कारंतांनी बंगळूरच्या रवींद्र कलाक्षेत्राच्या परिसरात 'ईडिपस', 'जोकुमारस्वामी' आणि 'संक्रांती' ही तीन नाटके उघड्यावर सादर केली, आणि नव्या कन्नड रंगभूमीचा प्रारंभ या प्रयोगांपासून मोजण्याचा प्रघात पडला. त्यांत हत्ती नव्हते, रंगवलेले पडदे नव्हते. मोकळी जागा होती, लंकेश आणि कंबार यांचे समर्थ शब्द होते आणि संगीत होते. दिवाणखान्याच्या भिंती पाडून प्रेक्षकाला पुन्हा उघड्या आकाशाखाली नेण्याचा हा उपक्रम नव्या जाणिवेचा होता. पण रिकाम्या मैदानाचे काय करता येते हे कारंत गुब्बी कंपनीत शिकले होते.

कंपनी नाटकांच्या ज्या संहिता आज ग्रंथालयांत धूळ खात पडल्या आहेत, त्यांकडे अभ्यासकांनी या दृष्टीने परत वळावयास हवे. रस्त्याचा पडदा ही रंगसूचना जेथे येते तेथे पडद्यामागे काय चालले असेल, ते दृश्य उभे राहण्यास किती वेळ लागला असेल आणि त्या वेळात पुढे उभा असलेला नट काय करीत असेल, हे प्रश्न विचारले म्हणजे विस्कळीत वाटणारी पाने जुळू लागतात. अन्य भारतीय भाषांतील कंपनी नाटकांनाही हे प्रश्न लागू पडतात. 'सदारमे'तील चोराचे प्रवेश कथानकाला सोडून भटकतात हे खरे. पण ते भटकत असताना त्यांच्या पाठीशी एक राजवाडा उभा राहत होता, आणि तो उभा करणारा माणूस प्रेक्षकांसमोर चोराच्या वेषात हसवीत होता.